थायरॉईडची गोळी आणि टीएसएचचा रिपोर्ट : डोस कधी बदलतो, कधी नाही?

"रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता गोळी बंद केली तर चालेल ना?" थायरॉईडची गोळी घेणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न कधी ना कधी विचारतो. बहुतेकांसाठी उत्तर 'नाही' असंच आहे. गोळी नीट लागू पडतेय म्हणून रिपोर्ट नॉर्मल आलेला असतो. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढू लागतो.

मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईड कमी काम करत असल्याचं आढळलं. म्हणजे ही गोळी आपल्या नात्यागोत्यात कुणी ना कुणी घेतच असतं. तरीही रिपोर्टवरच्या आकड्यांचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो.

टीएसएच म्हणजे नक्की काय?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीराचा वेग त्यांच्यावर चालतो : हृदयाचे ठोके, पचन, अंगातली ऊब, पाळी, मनाची उभारी.

टीएसएच मात्र थायरॉईडमध्ये तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी सोडते. थायरॉईडला 'काम कर' असा सांगावा देणारं हे संप्रेरक आहे. थायरॉईड मंदावला की पीयूषिका जोरात ओरडते, म्हणून टीएसएच वाढतो. रक्तात टी-४ जास्त झालं की ती गप्प बसते आणि टीएसएच घसरतो. म्हणजे आकडा उलटा वाचायचा : टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईड कमी, टीएसएच कमी म्हणजे थायरॉईड जास्त.

रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रौढांसाठी टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ असते. काही रिपोर्टवर एकक 'मिली आययू प्रति लिटर' असतं, काहींवर 'मायक्रो आययू प्रति मिली'. दोन्हींचा आकडा एकच असतो, त्यामुळे गोंधळू नका.

• टीएसएच जास्त, फ्री टी-४ कमी : थायरॉईड खरोखर कमी पडतोय. गोळी लागतेच.
• टीएसएच थोडा जास्त (१० च्या आत), फ्री टी-४ नॉर्मल : सीमारेषेवरची अवस्था. अनेकदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग निर्णय घेतला जातो. उतारवयात टीएसएच थोडा वर असणं नेहमीचं आहे.
• टीएसएच कमी, फ्री टी-४ जास्त : गोळी चालू असेल तर डोस जास्त होत असण्याची शक्यता. गोळी चालू नसेल तर हा वेगळा आजार आहे आणि त्याचं औषधही वेगळं.
• गोळी चालू, टीएसएच जास्त, पण फ्री टी-४ नॉर्मल किंवा वरच्या बाजूला : अनेक दिवस गोळ्या चुकवून तपासणीच्या आधी काही दिवसच नियमित घेतल्या की असं दिसतं. डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर विनाकारण डोस वाढेल.

टीएसएच २.१ होता, आता ३.२ आलाय, म्हणून घाबरू नका. तो दिवसभरात वर-खाली होतो : रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. मर्यादेच्या आतला असा फरक म्हणजे आजार वाढणं नव्हे.

लॅब बदलली तरी आकडा थोडा हलतो. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचं फर्दापूर घ्या. एका बाजूला सुमारे ६० किलोमीटरवर जळगाव, दुसऱ्या बाजूला सुमारे १०० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर. अशा गावातल्या माणसाचा एक रिपोर्ट जळगावचा आणि पुढचा संभाजीनगरचा असू शकतो. दोन लॅबची यंत्रं आणि मर्यादा वेगळ्या असतात. जमेल तितकी एकच लॅब ठेवा, वेळही साधारण तीच ठेवा आणि आकडा त्याच रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहा.

डोस कसा ठरतो?

या गोळीतलं औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. आपल्या शरीरातल्या टी-४ चीच ती हुबेहूब प्रत. थायरॉईड अगदीच काम करत नसेल तर वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १०० च्या आसपास. थायरॉईड थोडंफार काम करत असेल तर कमी पुरतं. वयस्कर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना १२.५ किंवा २५ पासून हळूहळू चढवतात, कारण एकदम मोठा डोस हृदयावर ताण आणतो.

म्हणून जावेचा डोस ५० आणि माझा १०० का, या तुलनेला अर्थ नाही. थायरॉईडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांचा टीएसएच तर डॉक्टर मुद्दाम कमी ठेवतात.

एक धोका मात्र लक्षात ठेवा : साडेबारा आणि सव्वाशे. १२.५ मधला टिंब दिसला नाही की १२५ होतं, म्हणजे दहापट. मेडिकलमधून डबी घेताना आकडा मोठ्याने वाचून चिठ्ठीशी जुळवा.

सहा ते आठ आठवडे का थांबायचं?

लेव्होथायरॉक्सिन शरीरात रेंगाळतं. घेतलेल्या औषधातलं निम्मं संपायलाच साधारण एक आठवडा लागतो. डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून सावकाश येतो. पंधरा दिवसांत तपासलं तर अर्धवट चित्र दिसतं आणि त्यावर डोस बदलला की सगळं आणखी बिघडतं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी, आणि आकडा स्थिर झाल्यावर सहा महिने ते वर्षाने एकदा, असा साधारण क्रम असतो.

एखादी गोळी चुकली तर लगेच काही बिघडत नाही, तेही याच कारणाने. त्याच दिवशी पोट रिकामं असताना आठवलं तर घ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

डोस बरोबर, तरी टीएसएच जास्त का?

डोस वाढवण्याआधी या गोष्टी तपासा :

• चहा. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची. चहा, कॉफी, दूध, नाश्ता अर्ध्या ते एका तासानंतर. कापूस वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईला चहासाठी तासभर थांबणं जमत नाही. तिच्यासाठी रात्रीची वेळ सोयीची : जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि मग रोज तीच पाळा.
• लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. ॲसिडिटीची काही औषधं आणि सोयाबीनचे पदार्थही औषध कमी शोषू देतात.
• उन्हाळा. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याखालच्या फळीवर, चुलीजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली गोळी कमजोर होते. डबी मूळ झाकणासह घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा.
• कंपनी बदलली. स्वस्त जेनेरिक गोळी घ्यायला हरकत नाही, पण सारखी अदलाबदल नको. बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा.

उपवासात गोळी बंद करायची गरज नाही. रोजा असेल तर सहरीआधी की रात्री झोपताना, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

तपासणीच्या दिवशी

टीएसएचसाठी उपाशी राहण्याची सक्ती नाही. मात्र त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, नाहीतर फ्री टी-४ खोटं जास्त दिसू शकतं. केस-नखांसाठीच्या गोळ्यांमधलं बायोटिन काही यंत्रांना चकवतं, म्हणून ते किमान दोन दिवस आधी थांबवा. नुकताच मोठा आजार झाला असेल किंवा स्टेरॉईड चालू असेल तर तेही सांगा.

गरोदरपणात थांबू नका

पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्या थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असतं आणि त्याच्या मेंदूची वाढ त्यावर ठरते. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईची गरज गरोदरपणात साधारण पाव ते एक तृतीयांशाने वाढते. 'गरोदरपणात औषध नको' म्हणून ही गोळी थांबवणं बाळासाठी धोक्याचं आहे. पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. टीएसएच सहसा २.५ च्या आत ठेवतात आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासतात. बाळंतपणानंतर डोस पुन्हा कमी होतो.

डोस जास्त झाला तर?

छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, विनाकारण वजन घटणं ही लक्षणं आहेत. असा डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. म्हणून वजन उतरवण्यासाठी ही गोळी कधीच घेऊ नये. छातीत दुखलं, किंवा खूप गुंगी येऊन अंग गार पडलं, तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठा.

मग गोळी कधी बंद होते?

शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटली असेल किंवा ग्रंथी काढून टाकली असेल, तर गोळी सहसा जन्मभराची. बाळंतपणानंतर तात्पुरता बिघडलेला थायरॉईड किंवा सीमारेषेवरचा टीएसएच असेल तर डॉक्टर कधी गोळी थांबवून पाहतात. पण तेही ठरलेल्या तारखेला पुन्हा रक्त तपासून, मनाने नव्हे.

एक छोटी वही ठेवा. त्यात तारीख, डोस, गोळीची कंपनी, टीएसएच, फ्री टी-४, लॅबचं नाव आणि वजन लिहा. डॉक्टर बदलले किंवा गाव बदललं तरी योग्य डोस ठरवायला हीच वही उपयोगी पडते.