जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस (जीईओ)

जनुक-अभिव्यक्तीची मोजमापे साठवून ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून देणारे आणि महाजालावरच आलेखांच्या रूपात तपासू देणारे सार्वजनिक माहितीभांडार. अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी इन्फर्मेशन या बेथेस्डा (मेरिलँड) येथील केंद्राने ते २००० मध्ये सुरू केले.

शरीरातील बहुतेक पेशींमध्ये जनुकांचा संच एकच असला, तरी यकृताच्या पेशीत कार्यरत असलेली सगळीच जनुके मेंदूच्या पेशीत कार्यरत असतात असे नाही. जनुकावरून संदेशवाहक आरएनए तयार होणे आणि त्याबरहुकूम प्रथिन बनणे याला त्या जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. व्यवहारात मात्र बहुधा आरएनएचेच प्रमाण मोजले जाते, आणि त्यावरून प्रथिनाचे प्रमाण नेमके सांगता येतेच असे नाही. काचपट्टीवर डीएनएचे असंख्य ठिपके बसवून त्यांना कोणता आरएनए किती जुळतो हे पाहणारी मायक्रोॲरे पद्धत १९९५ नंतर रुळली, तेव्हा एकेका प्रयोगातून हजारो जनुकांची मापे हाती येऊ लागली. ती शोधनिबंधाच्या पानांत मावण्यासारखी नव्हती, आणि ती पाहिल्याशिवाय निष्कर्ष पारखणेही शक्य नव्हते.

जीईओमधील नोंदी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात : मोजणीचे साधन (जीपीएल), एकेक नमुना (जीएसएम) आणि एका अभ्यासातील नमुन्यांचा एकत्रित संच (जीएसई). अनेक नियतकालिके निबंध स्वीकारताना या संचाचा क्रमांक मागतात. प्रसिद्धीपूर्वी नोंद गुप्त ठेवून केवळ परीक्षकांना ती पाहू देण्याची सोयही आहे. नमुना कोणत्या ऊतीचा होता, त्यावर कोणती प्रक्रिया झाली आणि आकडे कसे समपातळीवर आणले, हे न सांगितल्यास नुसते आकडे निरुपयोगी ठरतात. म्हणून कोणती माहिती किमान द्यावी याचे ‘मायमी’ नावाचे निकष २००१ मध्ये मांडले गेले. तरीही वर्णनाचा भाग आजही सर्वांत दुबळा आहे, कारण तो लिहिण्याचे श्रम एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा असतो.

दृश्यांकनाचा प्रमुख प्रकार म्हणजे हीटमॅप. त्यात एका दिशेला जनुके, दुसऱ्या दिशेला नमुने आणि प्रत्येक चौकटीत अभिव्यक्तीनुसार रंग असतो. सारखी वागणारी जनुके शेजारी आणून गट पाडण्याची रीत मायकेल आयझेन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये रूढ केली. त्यांनी वापरलेली लाल-हिरवी जोडी दीर्घकाळ चालली, मात्र या रंगांत भेद न करू शकणाऱ्या वाचकांसाठी ती गैरसोयीचीच होती. रंगांची मर्यादा आणि अंतर मोजण्याचे सूत्र बदलले की त्याच आकड्यांतून निराळे गट दिसू शकतात, त्यामुळे हीटमॅप हे छायाचित्र नसून मांडणी करणाऱ्याचा अभिप्राय असतो.

जीईओमधील ‘जीईओटूआर’ या साधनाने प्रोग्रॅम न लिहिता दोन गटांची तुलना करता येते. त्यातील ज्वालामुखी-आलेखात आडव्या अक्षावर पटीतील फरक दोनाच्या लॉगरिथममध्ये दाखवतात, म्हणजे १ हा आकडा दुप्पट आणि २ हा चौपट वाढ दर्शवतो. उभ्या अक्षावर तो फरक योगायोगाचा नसावा याबद्दलची खात्री असते. वीस हजार जनुके एकदम तपासताना पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावल्यास, एकाही जनुकात खरा फरक नसतानाही सुमारे हजार जनुके निवडली जातील, म्हणून बेंजामिनी-हॉचबर्ग पद्धतीने दुरुस्ती केली जाते. सर्व रुग्णांचे नमुने एका दिवशी आणि निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या दिवशी मोजले असतील, तर मात्र रोगाचा परिणाम आणि दिवसाचा परिणाम वेगळा करणे कोणत्याही दुरुस्तीला साधत नाही.

आरएनए-क्रमनिर्धारण पद्धत आल्यावर मूळ क्रमवाचने त्याच केंद्राच्या सीक्वेन्स रीड आर्काइव्हमध्ये आणि मोजणीचे तक्ते जीईओमध्ये अशी विभागणी झाली. मानवी क्रमवाचनांवरून व्यक्तीची ओळख पटू शकत असल्याने, खुल्या प्रसिद्धीस संमती नसलेली अशी माहिती ‘डीबीगॅप’ या नियंत्रित भांडारात ठेवतात आणि ती मिळवण्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो.