कॅमेऱ्यामागचा पृच्छक

सन 2008 च्या उन्हाळ्यात इंग्लंडातील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या रसायनविभागात ब्रेडी हॅरन नावाचा एक ऑस्ट्रेलियन बातमीदार कॅमेरा घेऊन वावरू लागला, तेव्हा त्याच्या पदरी विज्ञानाची पदवी नव्हती आणि अध्यापनाची सनद तर नव्हतीच. होती ती एकच विद्या, जाणत्या मनुष्याला बोलते करण्याची. पुढल्या दशकात आंतरजालावर शैक्षणिक चित्रफिती करणे आणि पॉडकास्ट चालविणे हा पोटापाण्याला पुरेल असा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला, आणि त्याचा इतिहास लिहू जाणाऱ्याला या गृहस्थाचे नाव आद्य कारागिरांत घ्यावेच लागते. तरीही त्याच्या चित्रफिती वर्षानुवर्षे पाहणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचा चेहरा चटकन आठवणार नाही, कारण तो सदैव कॅमेऱ्यामागे असतो आणि प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो तो त्याचा आवाज, तोही बहुधा प्रश्नार्थक.

या व्यवसायाची वंशावळ लावू गेल्यास ती लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनपर्यंत मागे जाते. तेथे मायकेल फॅरडेच्या पुढाकाराने 1825 साली नाताळच्या सुटीतील व्याख्यानांचा प्रघात पडला, फॅरडेने स्वतः अशा 19 मालिका गुंफल्या, आणि एका साध्या मेणबत्तीच्या ज्योतीवरून ज्वलन, वायू आणि श्वसन इथपर्यंत बालश्रोत्यांना नेऊन पोहोचविण्याचे त्याचे कसब आजही वाखाणले जाते. 1966 पासून बीबीसीने ही व्याख्याने नियमाने दूरचित्रवाणीवर आणली. त्यानंतर 1969 साली सनद मिळालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने जानेवारी 1971 पासून आपले पाठ प्रक्षेपित करण्यास आरंभ केला, आणि रात्री-अपरात्री जागून फळ्यापुढल्या दाढीवाल्या प्राध्यापकांकडे पाहत पदवी मिळविलेल्या गिरणीकामगारांची व गृहिणींची एक पिढीच त्या देशात तयार झाली. डिसेंबर 2006 मध्ये ते रात्रीचे प्रक्षेपण बंद झाले. या साऱ्या थोर परंपरेत एक उणीव मात्र राहून गेली होती, असे माझे मत आहे: कॅमेरा वर्गातल्या पहिल्या बाकावर नेऊन ठेवला गेला, पण त्या बाकावर बसणाऱ्या, हात वर करून मध्येच अडविणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी सोबत नेले नाही.

हॅरनची तालीम वर्गात झालेली नव्हती. ॲडलेडमधील एका दैनिकात वार्ताहरी करून तो 2002 साली इंग्लंडात आला आणि बीबीसीच्या नॉटिंगहॅम कचेरीत रुजू झाला. तेथून स्थानिक वैज्ञानिक उपक्रमासाठी चित्रपटकार म्हणून त्याची नेमणूक झाली आणि विद्यापीठाचे दरवाजे त्याला उघडले. बातमीदार हा स्वभावतः जाबसालाचा मनुष्य. उत्तर समजले नाही तर न लाजता पुन्हा विचारावे, पारिभाषिक शब्द आला की तो उलगडून मागावा आणि वाचकाला जे खुपेल तेच आधी पुढे काढावे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. आपल्या गोंधळात मुख्य गोंधळी आख्यान लावतो खरा, पण त्याचा जोडीदार भाबडेपणाचा आव आणून मध्येच काहीतरी विचारतो म्हणून कथा श्रोत्यांच्या पायरीवर उतरते. विद्यापीठीय विज्ञानाच्या आख्यानात हॅरनने नेमकी ही जोडीदाराची जागा धरली, आणि तीही अशा काळी, जेव्हा तीन वर्षांपूर्वी जन्मलेल्या यूट्यूबकडे बहुसंख्य विद्वान पोरखेळ म्हणून पाहत होते.

पहिला मोठा उद्योग आवर्तसारणीचा. तिच्यातल्या 118 मूलद्रव्यांपैकी प्रत्येकावर एक छोटी चित्रफीत, असा संकल्प ठरला आणि काही आठवड्यांत तो तडीसही गेला. या मालिकेचा नायक होता प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा, मृदुभाषी, मूलद्रव्यांच्या चित्रांचे गळपट्टे हौसेने लावणारा रसायनज्ञ. त्याची कचेरी पुस्तकांनी आणि चिजांनी खच्चून भरलेली. तेथे बसून तो एखाद्या धातूविषयी बोलता बोलता मॉस्कोत जन्मलेल्या आपल्या वडिलांची आठवण काढी, आणि तिकडे प्रयोगशाळेत नील बार्न्स नावाचा तंत्रज्ञ चकार शब्द न बोलता तो धातू पेटवून दाखवी. पुढे विद्यापीठातील सूक्ष्मतंत्रज्ञानाच्या सहकाऱ्यांनी प्राध्यापकाच्या डोक्यावरचा एक केस मागून घेतला, आयनांच्या झोताने त्यावर संपूर्ण आवर्तसारणी कोरली आणि ती वाढदिवसाची भेट म्हणून त्यास अर्पण केली. जगातील सर्वांत लहान आवर्तसारणी म्हणून गिनेसच्या दप्तरी तिची नोंद झाली.

खरी मौज अशी की, मूलद्रव्ये संपली तरी मालिका संपली नाही. छापील ग्रंथाची आवृत्ती निघून गेली की लेखकाचे हात बांधले जातात. येथे तसे नव्हते. 2010 साली 112 व्या मूलद्रव्याला कोपर्निसियम हे नाव मिळाले, 2012 मध्ये आणखी दोहोंचे आणि 2016 मध्ये उरलेल्या चारांचे बारसे झाले, आणि प्रत्येक वेळी पोलियाकॉफ पुन्हा कॅमेऱ्यापुढे येऊन नव्या नावाची कूळकथा सांगता झाला. मंडळी स्वीडनमधील इटर्बी या खेड्यात जाऊन पोहोचली. तेथल्या एका खाणीतून निघालेल्या खनिजामुळे इट्रियम, इटर्बियम, टर्बियम आणि एर्बियम अशा चार मूलद्रव्यांना एकाच गावाचे नाव लाभले आहे. बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात रचलेल्या सोन्याच्या विटांपुढे उभा राहिलेला हा प्राध्यापक ज्यांनी पाहिला असेल, त्यांना शाळकरी मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद साठी उलटलेल्या मनुष्याच्या चेहऱ्यावर कसा दिसतो ते निराळे सांगावयास नको. 2015 च्या आरंभी राणीने त्यास सर हा किताब दिला.

भौतिकशास्त्रासाठी ‘सिक्स्टी सिम्बॉल्स’ ही वाहिनी 2009 मध्ये निघाली. परंतु हॅरनचे नाव ज्यामुळे सर्वतोमुखी झाले ती गणिताची वाहिनी, ‘नंबरफाइल’, 2011 सालच्या अकराव्या महिन्याच्या अकराव्या तारखेस सुरू झाली. गणितासारखा अमूर्त विषय, ज्यात पेटविण्याजोगे काही नाही आणि भडका उडण्याचीही सोय नाही, तो दाखवावा कसा? त्याचे उत्तर फार स्वस्त निघाले: पुडे बांधायला वापरतात तसल्या तपकिरी कागदाचा एक मोठा तुकडा आणि जाड टोकाचे पेन. गणिती त्या कागदावर ओणवा होऊन लिहीत जातो, खोडतो, बाण काढतो, कोपऱ्यात जागा संपली की कागद फिरवितो, आणि कॅमेरा त्याच्या बोटांवर खिळलेला असतो. फळ्यापुढे उभा राहिलेला शिक्षक आपल्याकडे पाठ करून लिहितो. कागदावर वाकलेला मनुष्य मात्र आपल्याला शेजारी बसवून घेतो. भाग संपल्यावर हे कागद लिलावात विकले जाऊ लागले, आणि गणिताचे कच्चे काम भिंतीवर चौकटीत लावणारा एक वर्ग जगात आहे हे त्यानिमित्ताने कळून आले.

या वाहिनीच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त मामला जानेवारी 2014 चा. टोनी पाडिला आणि एड कोपलंड या नॉटिंगहॅमच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी तपकिरी कागदावर असे सिद्ध करून दाखविले की, 1, 2, 3, 4 अशा साऱ्या धन पूर्णांकांची अनंतापर्यंत बेरीज केली असता उत्तर उणे एक-बारांश येते. कृती अशी: एक उणे एक अधिक एक उणे एक, या कधीच स्थिर न होणाऱ्या मालिकेची किंमत अर्धा धरावयाची, मग एक मालिका दुसरीखाली एक घर सरकवून लिहावयाची, आणि वजाबाकी करीत त्या विलक्षण उत्तरापाशी यावयाचे. लाखो लोक थक्क झाले, न्यूयॉर्क टाइम्सने दखल घेतली, आणि गणितज्ञांचा एक मोठा गट मात्र संतप्त झाला. त्यांची तक्रार रास्त होती. ज्या मालिकेला रूढ अर्थाने बेरीजच नाही, तिच्यावर साध्या अंकगणिताचे नियम चालवणे हे, न मिळालेल्या सनदेवर वसुली करण्यासारखे आहे. उणे एक-बारांश ही किंमत झीटा फलनाच्या विस्तारातून निघते, त्या अर्थाने ती खरी आहे आणि भौतिकीत कामासही येते, पण तो अर्थ आधी सांगावयास हवा होता. हेच सूत्र रामानुजनने 1913 साली गणितज्ञ हार्डीला पत्राने कळविले होते, आणि ते वाचून आपणास वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखविली जाईल अशी भीतीही सोबत कळविली होती; म्हणजे काहीतरी खुलासा देणे लागतो, याची जाणीव रामानुजनला होती. माझ्या मते येथे दोष पंडितांपेक्षा पृच्छकाकडे अधिक जातो. विस्मय त्याने भरपूर दाखविला, परंतु हिशेबाची रुजुवात मागणारा प्रश्न, ‘असे सरकविण्याची परवानगी कोणी दिली?’ हा, जितक्या नेटाने यावयास हवा होता तितक्या नेटाने आला नाही. काही आठवड्यांनी एडवर्ड फ्रेंकेल या बर्कलेच्या गणितज्ञाला बोलावून त्याने त्याच विषयावर सविस्तर भाग केला, हे त्याच्या जमेस धरले पाहिजे.

पैशाची बाजू थोडक्यात. 2007 पासून यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नातला हिस्सा निर्मात्यांना देण्यास आरंभ केला, बर्कलेच्या गणितीय विज्ञान संशोधन संस्थेने ‘नंबरफाइल’ला आश्रय दिला, आणि 2013 मध्ये पेट्रिऑन निघाल्यावर प्रेक्षकांनीच दरमहा काही रक्कम देण्याची सोय झाली. एका धनिकाचे वर्षासन जाऊन हजारोंच्या चिल्लर वर्गण्या आल्या, एवढाच त्याचा मथितार्थ.

2014 च्या जानेवारीत हॅरनने पॉडकास्टच्या क्षेत्रात पाऊल टाकले, तेही आपल्याहून अगदी भिन्न प्रकृतीच्या सोबत्याला घेऊन. सी. जी. पी. ग्रे हा लंडनवासी अमेरिकन एकेकाळी भौतिकशास्त्राचा शिक्षक होता. 2011 साली युनायटेड किंग्डम, ग्रेट ब्रिटन आणि इंग्लंड यांतला फरक काही मिनिटांत सांगणाऱ्या चित्रफितीने तो प्रसिद्धीस आला. ग्रे एकेक वाक्य महिनोन्‌महिने घासून लिहिणार, चेहरा लपवून काडीच्या आकृत्या दाखविणार. हॅरन लिहिणार काहीच नाही, समोरच्याच्या तोंडून काढून घेणार. ‘हॅलो इंटरनेट’ या त्यांच्या कार्यक्रमात शिकवणे असे नव्हते, दोन कारागिरांच्या गप्पा होत्या, आणि धंद्याच्या अंतरंगाचे जे वर्णन त्या गप्पांत सापडते ते अन्यत्र क्वचितच मिळेल. कार्यक्रमाला ध्वज असावा अशी टूम निघाली तेव्हा या दोघा आंतरजालीय पुरुषांनी श्रोत्यांना टपालाने कागदी मतपत्रिका धाडावयास सांगितले, जगभरातून त्या आल्या, आणि ग्रेच्या मतदानपद्धतींविषयीच्या आस्थेला साजेल अशा पसंतीक्रमाने मोजल्या गेल्या. फेब्रुवारी 2020 नंतर तो संवाद थांबला. दरम्यान लंडनच्या रॉयल सोसायटीच्या दप्तरखान्यात, ग्रंथपाल कीथ मूर यांच्या संगतीने जुनी हस्तलिखिते उलगडणारी ‘ऑब्जेक्टिव्हिटी’ ही मालिका हॅरनने चालविली, आणि ज्या विद्यापीठात तो परका बातमीदार म्हणून शिरला होता त्याच नॉटिंगहॅमने 2016 मध्ये त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

मराठी वाचकाला या साऱ्या इतिहासात एक जागा आपलीशी वाटावी अशी आहे. ‘नंबरफाइल’च्या सुरुवातीच्या भागांपैकी एक 6174 या संख्येवर आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आलेल्या बाकीवर पुन्हा तेच करावे. 3524 घेतली तर 5432 उणे 2345 म्हणजे 3087. मग 8730 उणे 0378 म्हणजे 8352. मग 8532 उणे 2358, आणि हाती येते 6174. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच येऊन थांबते. हा शोध लावणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे डहाणूस 1905 साली जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता 1927 मध्ये त्यांनी रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळविले, आणि 1930 पासून 1962 पर्यंत ते देवळाली येथे शाळामास्तर होते. आपल्या संशोधनाच्या पुस्तिका ते पदरमोड करून छापीत. मार्टिन गार्डनरने 1975 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले तेव्हा जगाला त्यांचे नाव नीट कळले, 1986 मध्ये ते निवर्तले. त्यांच्या वर्गात बसलेले शेवटचे विद्यार्थी आज पंचाहत्तरीच्या आसपास वा त्यापुढे असणार. मराठीत विज्ञानाच्या चित्रफिती करणाऱ्या तरुणांची संख्या आता लहान नाही. त्यांपैकी कोणी नाशिक-देवळालीकडे असेल तर त्याने पुढचा भाग स्वतः बोलून भरण्याऐवजी या वृद्ध विद्यार्थ्यांना शोधून काढावे, कापरेकर मास्तर वजाबाकी कशी शिकवीत ते त्यांना विचारावे, आणि हे काम या वर्षीच करावे.