गोधडीची बखर

मंडळी, इतिहास म्हटला की ताम्रपट नि तहनामे आठवतात. पण दरेकशातल्या एखाद्या घरची गोधडी उलगडून पाहा. तीही एक बखरच आहे! संस्कृतातल्या ‘कंथा’ या शब्दावरून बंगालीत कांथा आली, हिंदीत कथरी आली. आपण तिला वाकळ म्हणतो, गोधडी म्हणतो. दरेकसा नागपूर-हावडा लोहमार्गावर आहे. या मार्गाने थेट बंगालात जा, रीत तीच : जुन्या कापडाचे थर लावायचे अन् धावदोऱ्याने शिवायचे.

१८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीचे कापड खेडोपाडी पोचले, तरी गोधडी काही सुटली नाही. बाळाचे दुपटे शिवायला आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडेच लागे. नवे कापड कोवळ्या अंगाला टोचते ना!

ती गिरणी आता बंद पडली आहे. तिचा इतिहास कागदपत्रांत सापडेल. पण गोधडीतला कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे शिवणारीच सांगू जाणे. म्हणून गुरुजींना विनंती : मुलांना घरची गोधडी आजीपुढे उलगडायला सांगा. ती सांगते आहे, तोवरच लिहून घ्यायला हवे.