क्रिस्टल गेल फ्रेझर कोण आहेत? आर्क्टिकमधल्या निवासी शाळांचा इतिहास लिहिणाऱ्या आदिवासी इतिहासकार

कॅनडाच्या वायव्य टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे २०० किलोमीटर वर इनुविक नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथे जवळपास महिनाभर सूर्य उगवत नाही. कॅनडा सरकारने १९५० च्या दशकात हे गाव आखून वसवलं. १९५९ मध्ये तिथे एक मोठी शाळा आणि दोन वसतिगृहं सुरू झाली. कॅथलिक मुलांसाठी ग्रोलियर हॉल, अँग्लिकन मुलांसाठी स्ट्रिंगर हॉल. दूरदूरच्या वस्त्यांमधली आदिवासी मुलं घरापासून तोडून इथे ठेवली जायची. ग्रोलियर हॉलमधल्या लैंगिक अत्याचारांबद्दल तिथल्या कर्मचाऱ्यांना पुढे न्यायालयात शिक्षाही झाल्या.

क्रिस्टल गेल फ्रेझर या इनुविकच्याच. ग्विचिन समाजातल्या. त्यांची आई आणि आजी, दोघीही निवासी शाळांमध्ये शिकलेल्या. म्हणजे संशोधनाचा विषय त्यांच्या घरातच होता.

अल्बर्टा विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली, २०१९ मध्ये. प्रबंधाचं शीर्षक दिलं ग्विचिन भाषेत. अर्थ साधारण असा: बळाच्या जोरावर आम्ही अजून इथेच आहोत. ज्या शाळांनी मुलांच्या तोंडून मातृभाषा काढून घेतली, त्यांचा इतिहास त्याच भाषेतलं नाव घेऊन आला! या प्रबंधाला कॅनेडियन हिस्टॉरिकल असोसिएशनचा जॉन बुलेन पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये मॅनिटोबा विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्याचं पुस्तक काढलं.

पण यात वेगळं काय? या शाळांची कागदपत्रं लिहिली ती सरकारी अधिकाऱ्यांनी आणि चर्चने. फ्रेझर यांनी त्या फायली वाचल्याच, सोबत तिथे शिकलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यामुळे पुस्तकातली मुलं आणि पालक नुसते बळी म्हणून येत नाहीत. ते विरोध करतात, एकमेकांना सांभाळतात.

२०१७ मध्ये कॅनडाने १५० वर्षं साजरी केली. तेव्हा फ्रेझर आणि सारा कोमार्निस्की यांनी आदिवासींशी नातं सुधारण्यासाठी सामान्य माणसाला करता येतील अशा १५० कृतींची यादी काढली.

आज त्या अल्बर्टा विद्यापीठातच शिकवतात. निवासी शाळांमधून बेपत्ता झालेली मुलं आणि बेनाव कबरी यांचा शोध घेणाऱ्यांना मदत करायला नेमलेल्या राष्ट्रीय सल्लागार समितीवरही त्या होत्या. २०२५ मध्ये केंद्र सरकारने या समितीचा निधी थांबवला.