डासाची परतफेरी

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गॅरेजमागे एखादा जुना टायर पडलेला असतो. माझ्याकडेही होता. गेल्या उन्हाळ्यात त्यात साठलेल्या पाण्यात अळ्या वळवळताना दिसल्या आणि त्या निमित्ताने एक जुनी हकीकत वाचनात आली.

१९८५ साली आपल्याच ह्यूस्टन परिसरात 'एडिस अल्बोपिक्टस' हा आशियाई डास ठाण मांडून बसलेला आढळला. तो आला होता आशियातून आयात केलेल्या वापरलेल्या टायरांतून. एडिसची अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात. मग सागरी प्रवासाचे त्यांना काय!

त्याचा भाऊबंद 'एडिस इजिप्ती' हा डेंग्यूचा मुख्य वाहक. तो काही शतके आधीच आफ्रिकेतून, गुलामांच्या जहाजांवरील पाण्याच्या पिंपांबरोबर इकडे पोचला होता. १७८० साली फिलाडेल्फियात पसरलेल्या 'हाडमोड्या तापा'चे वर्णन डॉ. बेंजामिन रश यांनी करून ठेवले आहे. तो डेंग्यूच असावा असे मानतात.

१९४७ साली अमेरिका खंडातील देशांनी या डासाचे समूळ उच्चाटन करण्याचे ठरवले. घरोघरी टाक्या-पिंपे तपासली गेली, डीडीटी फवारले गेले. १९५८ मध्ये ब्राझील मुक्त झाला. १९६२ पर्यंत असे १८ देश झाले. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलेच ठाऊक आहे, की यंत्रणा बिनतक्रार चालू लागली की पहिली कात्री देखभालीच्या खर्चाला लागते. इथेही तेच झाले. अमेरिकेने आपली मोहीम उशिरा सुरू केली आणि अर्ध्यावरच सोडली; इतरत्रही निधी आटला, तपासनीस घरी गेले.

त्याच काळात शहरे फुगत होती. नळाला पाणी बेभरवशाचे, म्हणून घरोघरी पिंपे. शिवाय प्लॅस्टिकचे डबे आणि टायरांचे ढीग. डासाला आयती घरे मिळाली. १९८१ साली क्यूबात ३,४४,००० हून अधिक रुग्ण आणि १५८ मृत्यू झाले. १९८६ मध्ये रिओ शहरात साथ उसळली.

तात्पर्य, डेंग्यू जंगलातला नव्हे, आपल्या टाकीतला रोग आहे. मुंबई-पुण्याकडे पालिका आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. त्यामागे साधे गणित आहे: अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. मात्र अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, म्हणून पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते.

पुढच्या रविवारी आईला फोन कराल तेव्हा तब्येतीबरोबर पाण्याच्या पिंपाचीही चौकशी करा. माझा टायर मी टाकून दिला आहे.