राजाची मेहरबानी आणि माणसाचा हक्क

"राज्यकर्ता चांगला मिळाला पाहिजे, मग सगळे सुरळीत होईल." हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर ऐकतो, निवडणुकीच्या सभेत ऐकतो आणि दुर्दैवाने चळवळीच्या बैठकीतही ऐकतो. चार पुस्तके वाचलेला, पुरोगामी भाषा बोलणारा कोणी खुर्चीवर बसला की आपलेच कार्यकर्ते त्याच्याभोवती गोळा होतात. आता काही काळजी नाही, असे म्हणू लागतात. आमचा प्रश्न साधा आहे. पुस्तके वाचणारा, विचारवंतांना आपल्या पंगतीला बसवणारा सत्ताधीश तळातल्या माणसाला मुक्त करतो का? अठराव्या शतकातल्या युरोपात हा प्रयोग एका नव्हे, तीन राज्यांत झाला. त्याचा निकाल काय लागला, ते आपण तपासून पाहू.

आधी अनियंत्रित राजेशाही म्हणजे काय ते समजून घेऊ. फ्रान्सचा चौदावा लुई १६४३ मध्ये गादीवर आला तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. १६६१ पासून १७१५ मध्ये मरेपर्यंत त्याने स्वतः कारभार केला. "मीच राज्य" हे वाक्य त्याच्या तोंडी घातले जाते. तो तसे म्हणाल्याचा पुरावा नाही, पण कारभार मात्र त्याच वळणाचा होता. बोस्युए नावाच्या बिशपने त्याला धर्माचा आधार पुरवला. राजा हा पृथ्वीवरचा ईश्वराचा प्रतिनिधी, म्हणून त्याच्याविरुद्ध उठणे हे पाप! समाजाचे तीन वर्ग मानलेले होते: पुरोहित, सरदार आणि उरलेले सगळे. मुख्य जमीनकराचा बोजा शेतकऱ्यांवर, आणि पुरोहित-सरदारांना त्यातून सूट. १६८५ या एकाच वर्षी लुईने दोन फर्माने काढली. एकाने प्रोटेस्टंटांना मिळालेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तर दुसऱ्याने फ्रेंच वसाहतींतल्या काळ्या गुलामांना कायद्याने मालमत्ता ठरवले.

धर्मग्रंथाचा आधार, जन्मावर ठरलेला दर्जा, कष्टकऱ्यावर बोजा. वाचताना हे आपल्याला परके वाटत नाही. तरी दोन्ही व्यवस्था एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. फ्रान्समधला श्रीमंत व्यापारी सरकारी पद विकत घेऊन सरदार होऊ शकत होता. आपल्याकडे कितीही पैसा मोजला तरी जात बदलत नाही. हा फरक लहान नाही.

या राजेशाहीला प्रश्न विचारणारे लेखक अठराव्या शतकात पुढे आले. मॉन्तेस्क्यूने १७४८ मध्ये सांगितले की कायदा करणारी, राबवणारी आणि न्याय देणारी सत्ता एकाच हातात असेल तर स्वातंत्र्य उरत नाही. दिदेरोने १७५१ पासून विश्वकोश काढला. कोणत्याही माणसाला दुसऱ्यावर हुकूमत गाजवण्याचा निसर्गदत्त अधिकार नाही, असे त्याने पहिल्याच खंडात लिहिले. रूसोने १७६२ मध्ये सार्वभौमत्व जनतेचे आहे असे मांडले. या लोकांनी किंमत मोजली. व्हॉल्तेअरला एका सरदाराने १७२६ मध्ये नोकरांकरवी मारहाण केली आणि उलट तुरुंगात गेला तो व्हॉल्तेअरच! रूसोची पुस्तके जाळली गेली, अटकेचे हुकूम निघाले. तुलूज शहरात जाँ कालास या प्रोटेस्टंट व्यापाऱ्यावर मुलाच्या खुनाचा खोटा आळ घेऊन १७६२ मध्ये त्याला चाकावर हाडे मोडून ठार मारले. तेव्हा व्हॉल्तेअरने तीन वर्षे लेखणी झिजवून १७६५ मध्ये त्याला मरणोत्तर निर्दोष ठरवून घेतले. त्यांचे हे धैर्य आम्ही नाकारत नाही. पण राजांनी त्यांचे काय केले ते पाहा.

पहिला प्रयोग प्रशियाचा. राजपुत्र असताना दुसरा फ्रेडरिक व्हॉल्तेअरला पत्रे लिहीत असे. मॅकियाव्हेलीच्या कपटी राजनीतीचे खंडन करणारे पुस्तक त्याने लिहिले आणि ते १७४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तो राजा झाला आणि डिसेंबरमध्ये त्याने शेजारच्या सायलेशियावर स्वारी केली. राजा हा राज्याचा पहिला सेवक आहे, असे तो म्हणे. न्यायालयीन छळ त्याने बंद केला, धर्माच्या बाबतीत सहिष्णुता ठेवली. याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण सरदारांच्या जमिनीवर राबणारा भूदास भूदासच राहिला, कारण फ्रेडरिकच्या सैन्याचे अधिकारी याच सरदार घराण्यांतून येत. १७५० मध्ये व्हॉल्तेअर त्याच्या दरबारी राहायला गेला. राजाच्या अकादमीच्या अध्यक्षाची त्याने एका पुस्तिकेत टिंगल केली, तेव्हा विवेकवादी राजाने ती पुस्तिका जाळायला लावली. १७५३ मध्ये व्हॉल्तेअर निघाला तर फ्रँकफर्टला राजाच्या माणसांनी त्याला अडकवून ठेवले. मित्र म्हणून बोलावलेला विचारवंत खरे तर दरबाराची शोभा होता. प्रशियातली भूदासपद्धती रद्द करणारा हुकूम निघाला तो फ्रेडरिकनंतर, १८०७ मध्ये, नेपोलियनकडून राज्याचा धुव्वा उडाल्यावर.

दुसरा प्रयोग रशियाचा, आणि तो सर्वांत बोलका आहे. दुसरी कॅथरिन १७६२ मध्ये नवऱ्याला पदच्युत करून सत्तेवर आली. दिदेरोला पैशाची चणचण आहे हे कळताच १७६५ मध्ये तिने त्याचे ग्रंथालय १५,००० लिव्रला विकत घेतले, पुस्तके त्याच्याकडेच ठेवली आणि वर त्याच ग्रंथालयाचा ग्रंथपाल म्हणून त्याला पगार सुरू केला. साऱ्या युरोपात वाहवा झाली. १७६७ मध्ये तिने नव्या कायद्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. त्यातला बराच मजकूर मॉन्तेस्क्यू आणि बेक्कारिया यांच्या ग्रंथांतून घेतलेला होता. कायदे करायला प्रतिनिधींचा आयोग बसवला. त्यात सरदार होते, शहरवासी होते, पण जमीनदारांच्या भूदासांचा एकही प्रतिनिधी नव्हता. आणि त्याच १७६७ मध्ये हुकूम निघाला की भूदासाने आपल्या मालकाविरुद्ध राणीकडे तक्रार केली तर त्याला शिक्षा होईल! एका हाताने मॉन्तेस्क्यू लिहायचा आणि दुसऱ्या हाताने गरिबाच्या तोंडाला कुलूप लावायचे, हा सारा कारभार.

१७७३ च्या शरद ऋतूत दिदेरो सेंट पीटर्सबर्गला पोहोचला. राणीच्या दालनात बसून तो तिला सुधारणा समजावत होता. त्याच महिन्यांत याइक नदीच्या काठी पुगाचेव्ह नावाच्या कोझाकाने बंड पुकारले. १७७४ च्या उन्हाळ्यात त्याने भूदासांना मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला. हजारो शेतकरी, कारखान्यांतले वेठबिगार आणि बाश्किर लोक त्याच्यामागे गेले. मात्र पुगाचेव्हनेही स्वतःला राणीचा मेलेला नवरा, सम्राट तिसरा पीटर, म्हणवून घेतले होते. पिचलेल्या माणसालाही मुक्तीसाठी "खरा राजा"च आठवावा, इतकी ती सवय खोल गेली होती. राणीने बंड रक्तात बुडवले. जानेवारी १७७५ मध्ये मॉस्कोत पुगाचेव्हचा शिरच्छेद झाला. १७८५ मध्ये सरदारांना हक्कांची सनद मिळाली. १७९० मध्ये रादिश्चेव्हने भूदासांचे हाल लिहिले तर त्याला मृत्युदंड सुनावला गेला आणि मग "दया" दाखवून सैबेरियात धाडले. रशियातला भूदास कायद्याने सुटला तो १८६१ मध्ये.

तिसरा प्रयोग ऑस्ट्रियाचा. हा राजा तिघांत सर्वांत प्रामाणिक, असे आम्हाला वाटते. दुसऱ्या जोसेफने १७८१ मध्ये भूदासाला मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करण्याचा, गाव सोडण्याचा, धंदा शिकण्याचा अधिकार दिला. प्रोटेस्टंटांना आणि पुढे ज्यूंना सवलती दिल्या. १७८९ मध्ये तर वेठ बंद करून उत्पन्नाचा ७० टक्के वाटा शेतकऱ्याकडेच राहावा, असा कायदा केला. पण हे सगळे वरून हुकमाने. ज्यांच्यासाठी केले त्यांची संघटना नाही, सभागृह नाही, आवाज नाही. सरदार खवळले, आणि हंगेरीतले बरेच हुकूम जोसेफला मरणशय्येवरून मागे घ्यावे लागले. फेब्रुवारी १७९० मध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याच्या भावाने १७८९ चा तो कायदा रद्द केला. वेठ संपायला १८४८ ची क्रांती यावी लागली. एका चांगल्या राजाचे मरण आणि लाखो शेतकऱ्यांच्या हक्काचे मरण एकाच वर्षी!

म्हणजे दोष राजाच्या मनातच होता असे नाही. राजा ज्या खांबांवर उभा असतो, ते खांब तो स्वतः तोडत नाही. सैन्य सरदारांचे, वसुली सरदारांची, गावातले न्यायदानही सरदारांचे. आणि विचारवंत? त्यांच्यातले बरेच जण राजाला शहाणे करू पाहत होते, शेतकऱ्याला नव्हे. शेतात राबणाऱ्यांना शिकवायची गरज नाही, अशा अर्थाचे मत व्हॉल्तेअरने आपल्या पत्रांतून मांडले आहे. इथे आमच्या जोतीरावांची उंची कळते. वरच्या वर्गाला शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे धोरण त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे खोडून काढले आणि आधी सर्वसामान्यांचे प्राथमिक शिक्षण मागितले. थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक जोतीरावांनीही वाचले होते. पण ते वाचून ते दरबारात गेले नाहीत, शूद्रातिशूद्रांच्या वस्तीत गेले.

घेतलेला हक्क आणि मिळालेली सवलत यांतला फरक पाहायचा तर कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच वसाहतींकडे पाहा. ऑगस्ट १७८९ मध्ये पॅरिसने माणसाचे हक्क जाहीर केले. सेंट डोमिंगच्या सुमारे पाच लाख गुलामांना त्यात कोणी धरले नव्हते. त्यांनी ऑगस्ट १७९१ मध्ये स्वतः उठाव केला. तेव्हा कुठे ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा आणली. ग्वाडेलूप बेटावर देलग्रे आणि त्याचे साथी लढून मेले, बेट पडले आणि तिथे १८४८ पर्यंत गुलामगिरी राहिली. सेंट डोमिंगच्या संघटित फौजेने मात्र नेपोलियनच्या सैन्याला हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. पॅरिसचा कायदा दोन्ही बेटांना एकच होता. तो टिकवण्याची ताकद जिथे उरली, तिथेच तो हक्क ठरला.

आता आमचे काही मित्र विचारतील, मग शाहू महाराजांचे काय? ते राजेच होते ना? प्रश्न रास्त आहे. २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा राखीव ठेवणारा हा राजा होता आणि त्यांचे ऋण आम्ही विसरणार नाही. पण कॅथरिन आणि शाहू यांच्यातला फरक पाहा. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी जमलेल्या अस्पृश्य बांधवांना सांगितले की तुम्हाला तुमच्यातलाच नेता मिळाला आहे. ते तरुण भीमरावांविषयी बोलत होते. राजा स्वतः लोकांना सांगतो की माझ्याकडे पाहू नका, तुमच्यातून उभा राहिलेल्याकडे पाहा. फ्रेडरिक किंवा कॅथरिन असे कधी म्हणाले नाहीत, म्हणू शकतही नव्हते.

आणि बाबासाहेबांनी हे सूत्र पुरते ओळखले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्यांनी आपल्या परिषदेची तुलना केली ती १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी, कोणत्या दयाळू राजाच्या दरबाराशी नव्हे. पुढे १९५४ मध्ये त्यांनी स्पष्ट सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली. एका संस्थानाचा हुकूम पुढचा राजा फिरवू शकतो, म्हणून त्यांनी आपले हक्क संविधानात लिहिले. आणि कितीही मोठा माणूस असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही तेव्हाच सांगितले.

तरुण मित्रांनो, म्हणून शिष्यवृत्ती, राखीव जागा, ॲट्रॉसिटीचा कायदा यांना कोणी "सरकारने दिले" म्हणाले तर तिथेच थांबवा. आपण स्वतःही तसे बोलू नका. जे दिले म्हणतो, तो उद्या काढून घेण्याचा अधिकारही स्वतःकडे ठेवतो. मंचावर कोणी संविधानाची प्रास्ताविका तोंडपाठ म्हटली म्हणून हुरळून जाऊ नका. कॅथरिनलाही मॉन्तेस्क्यू पाठ होता. तिच्या राज्यात भूदासाला तक्रार करता येत होती का, हा खरा प्रश्न होता. आजच्या सत्ताधाऱ्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हाच प्रश्न विचारा: तळातल्या माणसाने तुझ्या माणसांविरुद्ध तक्रार केली तर ती ऐकली जाते की तक्रार करणाराच आत जातो? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, आणि एकेकट्याने नव्हे, संघटित होऊन विचारा.

जयभीम!