पिसलेल्या पत्त्यांतलं समाजशास्त्र

एका कार्डावर एकच मुद्दा लिहा, मग कार्डं हवी तशी लावा. संशोधनातले विखुरलेले निष्कर्ष जुळवायला समाजशास्त्राचे विद्यार्थी हेच शिकत आले. माझ्या मते या पद्धतीचं मूळ ग्रंथालयात नाही, खेळायच्या पत्त्यांत आहे.

अठराव्या शतकात युरोपातल्या पत्त्यांची पाठ कोरी असे. जाड, एका मापाचा, स्वस्त कागद! तत्त्वज्ञ रूसोने अखेरच्या काळात फिरता फिरता पत्त्यांवर टिपणं केली, इतिहासकार गिबनने आपल्या ग्रंथसंग्रहाची यादी पत्त्यांवर केली. १७७५ साली रोझिए या धर्मगुरूने पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या प्रकाशनांची सूची करायला पत्तेच वापरले. पुढे फ्रान्समध्ये क्रांती झाली, चर्चची ग्रंथालयं सरकारजमा झाली आणि १७९१ मध्ये चक्क सरकारी फर्मान निघालं: ग्रंथाची माहिती पत्त्यावर लिहा, लेखकाचं आडनाव अधोरेखित करा, पत्ते वर्णानुक्रमे लावून कोपऱ्यातून दोरा ओवा. लांबलचक शीर्षकांसाठी एक्के आणि दुर्र्या राखून ठेवायच्या, कारण त्यांच्या चित्राच्या बाजूलाही जागा मोकळी असते. हे सुचवणारा कारकून पट्टीचा खेळाडू असणार!

जाणकार यावर गेस्नरचं नाव पुढे करतात. त्या स्विस पंडिताने १५४८ मध्येच टिपणं कापून चिठ्ठ्या लावायची रीत सांगितली होती. खरं आहे. पण त्याच्या चिठ्ठ्या शेवटी खळ लावून वहीत बसायच्या. चिकटवलेली चिठ्ठी पिसता येत नाही, आणि माझा सगळा मुद्दा पिसण्याचा आहे.

इंग्लंडमध्ये सिडनी आणि बिअॅट्रिस वेब या अभ्यासक जोडप्याने कामगार संघटनांचा अभ्यास केला तो असाच, पिसत. एका सुट्या कागदावर एकच तथ्य, सोबत स्थळ, काळ, आधार. कधी गावानुसार गठ्ठे लावायचे, कधी काळानुसार, कधी कारणानुसार. मांडणी बदलली की आधी न दिसलेला संबंध दिसे. १९२६ च्या आत्मकथनात बिअॅट्रिसबाईंनी या टिपणकलेवर स्वतंत्र परिशिष्टच लिहिलं. त्यांचे कागद पत्त्यांहून बरेच मोठे होते, हा आक्षेप मला किरकोळ वाटतो. सवय तीच, हात मोठा.

खरी अडचण आहे ती जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमानची. त्याच्या पेट्यांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या, पण प्रत्येकीला क्रमांक देऊन जागा कायमची ठरलेली. हा गडी पत्ते पिसतच नव्हता. एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक लिहून तो डाव पुढे नेई.